देव न मानणारा दूरदर्शनवर बोलला, तर अंबाबाईचं काय बिघडतं?

गेल्या आठवड्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच भिशीच्या ग्रुपवर, मग भावकीच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: 'दूरदर्शन आपल्या कराच्या पैशावर चालतं, तिथं नास्तिकांना बोलावणं बंद करा. घटना धर्माला संरक्षण देते, धर्म नाकारण्याला नाही. त्यांच्या बोलण्यानं भावना दुखावतात, हा गुन्हा आहे. नास्तिकपणा हे परदेशी खूळ आहे. बोलायचंच असेल तर यूट्यूबवर बोला.'

मी कोल्हापूरच्या अंबाबाईची भक्त आहे, किरणोत्सवाला देवळातल्या गर्दीत उभी राहणारी. आपल्या बाजूचा म्हणून हा मेसेज फिरतोय, म्हणून उत्तरही आपल्याच बाजूनं जायला हवं.

आधी पैशाचं. देव न मानणारा माणूस साबणाची वडी घेतो तेव्हा त्याला जीएसटी माफ होत नाही. 1987 साली दूरदर्शननं 'रामायण' सुरू केलं, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते पुन्हा दाखवलं, तेव्हाही त्यात त्याचे पैसे होतेच. आणि दूरदर्शननं काय दाखवावं हे बहुमतावर सोडलेलं नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा 1990 चा कायदा आहे. त्याचं 12 वं कलम सांगतं, की लोकांना मोकळी, खरी, वस्तुनिष्ठ माहिती मिळाली पाहिजे, परस्परविरोधी मतं मांडली गेली पाहिजेत, आणि प्रसार भारतीनं स्वतःची कुठलीच विचारसरणी पुढे रेटायची नाही. विरोधी मत दाखवणं हे त्यांचं कामच आहे.

घटनेचं म्हणाल तर कलम 25 धर्माच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. मंत्र्यांचा शपथविधी आठवा. कुणी 'ईश्वरसाक्ष' शपथ घेतो, कुणी 'गांभीर्यपूर्वक' म्हणतो. हे दोन्ही पर्याय घटनेतच छापलेले आहेत. देवाचं नाव न घेता माणूस मंत्री होऊ शकतो, मग टीव्हीवरच्या चर्चेत बसायला त्याला अडचण काय? 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानंही सांगितलं, की मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क माणसाला आहे.

आता भावना. हा मुद्दा मी हलका मानत नाही. देवीबद्दल कुणी घाणेरडं बोललं तर मलाही लागतं. पण कायदा काय म्हणतो ते नीट वाचायला हवं. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295 अ हे कलम भारतीय दंडविधानात 1927 साली आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत 299 आहे. त्यात शब्द आहेत 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं'. सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्येच स्पष्ट केलं, की धर्माचा कसलाही अपमान झाला की हे कलम लागत नाही, अशा हेतूनं केलेल्या गंभीर अपमानालाच लागतं. 'मला देव आहे असं वाटत नाही' हे वाक्य त्यात कुठं बसतं?

आमच्या घरात आबा देव मानत नव्हते, आई मानायची. संध्याकाळी तिनं निरंजन लावलं की आबा काही न बोलता उठायचे आणि टीव्हीचा आवाज बारीक करायचे. मग चर्चेत कुणी देवाधर्मावर बोलू लागलं की आई परातीत कणीक मळत ऐकायची. मध्येच 'ह्याला काय कळतंय बाई!' म्हणायची आणि कणकेला पाण्याचा हात लावायची. टीव्ही बंद करा असं ती कधी म्हणाली नाही. तिची शुक्रवारची ओटी चुकली नाही आणि आबांचं मतही बदललं नाही.

परदेशी खूळ या मुद्द्याचा तर मला रागच येतो. चौदाव्या शतकातला 'सर्वदर्शनसंग्रह' हा आपल्या दर्शनांचा ग्रंथ सुरू होतो तोच देव न मानणाऱ्या चार्वाकापासून. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पुरता मांडायचा, मग खोडायचा, ही आपली जुनी रीत. जग निर्माण करणारा ईश्वर जैन दर्शन मानत नाही, आणि शुक्रवार पेठेत जैनांचा लक्ष्मीसेन मठ पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी आहे. आणि समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर? कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, उघड अज्ञेयवादी. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. त्याच आगरकरांनी 1882 साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, ते कशासाठी? कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय असं छापलं म्हणून. आपल्या राजासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाला कोल्हापूरकरांनी परका म्हणायचं?

राहिलं यूट्यूब. तिथं बोला म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या चौकात बोलू नका म्हणणं. आणि कोल्हापुरात तरी हे म्हणू नये. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून येताना अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. ते याच शहरात बोलत होते. अमक्याला बोलू देऊ नका असा मेसेज पुढे ढकलताना आपलं बोट थोडं तरी अडखळायला हवं.

एखादी चर्चा एकतर्फी वाटली तर सह्याद्री वाहिनीला पत्र लिहा. आमच्या बाजूचा अभ्यासू माणूस बोलवा, त्याला तेवढाच वेळ द्या, असं मागा. ते पत्र मी लिहून ठेवलंय. ग्रुपवर टाकते, ज्यांना पटेल त्यांनी खाली नाव घालावं.