पंप ज्याच्या पाठीवर, त्याला शिकवा

परवा ड्युटीला जाताना लोकल सिग्नलला थांबली. रुळालगतच्या पालकाच्या वाफ्यात एक जण कीटकनाशक फवारत होता. अनवाणी, तोंडाला फडकंसुद्धा नाही, पंपाखाली बनियनची पाठ ओलीचिंब. गाडी हलली तरी ती ओली पाठ डोळ्यांसमोरून जाईना.

मी यवतमाळची, मुंबईत नर्स आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याकडे कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरायचा आणि तोच तोंडावर यायचा. त्या हंगामात जिल्ह्यात विसाहून जास्त माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात होती. काकांकडे रोजानं येणारा गडीही त्यात होता. दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं होतं?" कुणालाच सांगता येईना. शेवटी औषधाचा डबा आणायला मोटारसायकल परत गावाकडे पळाली. तो वाचला.

आपण विषाला औषध म्हणतो, माझा पहिला राग तिथेच आहे. दुसरा फवारणीच्या प्रशिक्षणावर. ते होतं हॉलमध्ये, मालकांसमोर. डब्यावरचा त्रिकोण बघा म्हणून सांगतात: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. (हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.) पण मजुराला डबा दिसतो कुठे? त्याच्या हातात येते ती बादलीत कालवलेली फवारणी. नोझल तुंबलं की तो तोंडानं फुंकतो, कारण जुन्या टूथब्रशनं साफ कर असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. विष नाकातोंडातून जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओल्या कपड्यातून, कातडीतूनही ते आत जातं, हे फार थोड्यांना. आणि ते कपडे घरी धुते त्याची बायको. तिला तर कुणी मोजतच नाही.

म्हणून शिकवायचं तर सकाळी बांधावर जाऊन, पंप भरायच्या आधी, त्याच्या भाषेत. वाऱ्याकडे पाठ कर, गळका पंप उचलू नकोस, ओलं झालं तर तिथल्या तिथे कपडे उतरव आणि साबणानं अंग धू. आरोग्यसेविका, दुकानदार, मालक, तिघांनीही हे सांगायला हवं. उकाड्यात प्लास्टिकचा कोट कुणी घालत नाही हे मान्य. मग दुपारची फवारणी बंद ठेवा, दिवसाची मजुरी मात्र पूर्ण द्या.

मुंबईत राहून गावी शेती करून घेणारे आपण पुष्कळ आहोत. खताचे पैसे पाठवताना फवारायला कोण येतं, हेही विचारा.

मी आज सकाळी काकांना विचारलं. त्याच गड्याचा मुलगा येतो म्हणाले. तो गोठ्यापाशीच होता. म्हटलं, फोन त्याच्याकडे द्या. आधी त्याला डब्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवायला लावला.