पोविस कॅसलची सहल आणि टिपूचा तंबू

रविवारी आम्ही ४५ जण बर्मिंगहॅमहून कोचने वेल्समधल्या पोविस कॅसलला जाऊन आलो. उंचावर लाल दगडाचा वाडा, त्याखाली टप्प्याटप्प्यानं उतरत जाणारी बाग आणि तीनशे वर्षांची, छाटून छाटून ढगांसारखी गोलाई आलेली यू झाडं. डोळे निवले. आमच्या काकू तर बाकावरून उठायलाच तयार नव्हत्या.

पण वेळेच्या आखणीबद्दल मला मनापासून बोलायचंय. साडेपाच तास हाताशी होते. दोन तास डब्यांत गेले, दोन बागेत आणि फोटोंत. वाड्यातल्या क्लाइव्ह संग्रहालयाच्या वाट्याला वीस मिनिटं आली.

प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. १७८४ मध्ये त्याचं पोविसच्या मालक घराण्यातल्या हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न झालं. श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, तेव्हा १७९९ मध्ये हाच एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. आज तिथे हजाराहून जास्त वस्तू आहेत. टिपूच्या सिंहासनावरचं वाघाचं मुंडकं बघा, सोन्याचं, माणकं-हिरे-पाचू जडवलेलं, जेमतेम मुठीएवढं. आणि त्याचा तंबू! पांढऱ्या सुती छिटावर फुलदाण्यांची नक्षी, रंग अजून ताजे. हाच तंबू पुढे इथल्या मंडळींनी बागेतल्या मेजवान्यांना उभारला. हे वाचलं आणि मला बाहेरच्या हिरवळीवर परत जाववेना. काही वेळापूर्वीच आम्ही तिथे पुऱ्या खाल्ल्या होत्या.

यात आपलं, मराठ्यांचं, नातंही सरळ नाही. १७९२ मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांबरोबर पेशव्यांचे सरदार हरिपंत फडक्यांची फौज होती. श्रीरंगपट्टणला लढलेला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, जालन्याजवळ असईला आपल्यावर चालून आला. बरोबरच्या मुलांना हे कोण सांगणार? शाळेतून त्यांना यातलं फारसं काही कळत नाही. आमच्यातल्या एका आजोबांना सगळं तोंडपाठ आहे, पण "चला चला, कोच सुटेल" या घाईत त्यांनी तोंड उघडायच्या आत सगळे बाहेर.

पोविस सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं २०२० मध्ये आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध अहवालात मांडले. ते धैर्य मला मोलाचं वाटतं. मग आपणच त्या दालनातून धावत का सुटावं?

पुढच्या सहलीच्या आयोजकांना माझी विनंती आहे: पोचल्या पोचल्या आधी संग्रहालय, निदान दीड तास, आणि आजोबांना पुढे उभं करा. डबे दोन वाजता उघडू. पुऱ्या गार झाल्या तरी मी खाईन.