शाळेचा इतिहास जपायचाय? मग असं करा (परत सापडणार नाही याची खात्री)

शाळेला शंभर-सव्वाशे वर्षं होत आली की सगळ्यांना एकदम इतिहासाची उबळ येते. तुमच्याही शाळेत तसं काही घाटत असेल तर अजिबात टेन्शन घेऊ नका. जे वाळवीला इतक्या वर्षांत जमलं नाही ते महोत्सव समिती एका सुट्टीत करून दाखवते.

पहिलं काम, स्थापनेचं साल ठरवा. पहिला वर्ग एका साली भरलेला असतो, संस्थेची नोंदणी दुसऱ्या साली, मान्यता तिसऱ्या आणि इमारत भलत्याच साली. जुने कागद बघायच्या भानगडीत पडू नका, जे साल धरलं की सोहळा आत्ताच्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत बसतो तेच खरं. लगेच कमानीवर कोरून घ्या म्हणजे विषय संपला.

मग स्टोअररूम रिकामी करा, पाहुण्यांच्या चहापाण्याला जागा नको का? तिथे जुनी रजिस्टरं, हजेरीपट, तपासणीच्या शेऱ्यांच्या वह्या, मुलांची हस्तलिखितं असलं काय काय पडलेलं असतं. रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो, त्यात कुणापुढे 'गरिबी', कुणापुढे 'लग्न', कुणापुढे नुसतं 'गैरहजर'. गावात कुणाला शिकता आलं आणि कुणाला नाही हे त्या एका रकान्यात दिसतं, म्हणून तर ते स्मरणिकेत शोभत नाही, द्या रद्दीत.

रद्दीत द्यायला जीव होत नसेल तर प्रेमाने संपवा. फाटलं की सेलोटेप. काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकटा शाईत उतरतो आणि टेप निघून गेली तरी डाग तिथेच. महत्त्वाचं पान असेल तर लॅमिनेशन करा, ते परत काढता येत नाही आणि जुना आम्लयुक्त कागद आत निवांत ठिसूळ होत राहतो. एखादी माजी विद्यार्थिनी म्हणेल, अहो गंजक्या पिना काढा, आम्लमुक्त फोल्डर आणा, कोरड्या जागी ठेवा. अशा बाईंना स्वागत समितीत टाका, हार मोजत बसतील.

ग्रुप फोटोंचं सांगायचं राहिलं. जुन्या फोटोंच्या खाली पुठ्ठ्यावर ओळीने नावं छापलेली असतात, उभे डावीकडून, बसलेले डावीकडून वगैरे. नवी फ्रेम करताना ती पट्टी कापायला सांगा. एका कात्रीत अख्खी बॅच निनावी. नंतर त्याच फोटोपुढे उभं राहून 'हा कोण रे?' म्हणत अर्धा तास मस्त जातो, आणि ज्या रिटायर्ड बाईंना सगळी नावं तोंडपाठ आहेत त्यांच्याकडे कुणी मोबाईल रेकॉर्डर घेऊन जायचं नाही, त्यांना थेट श्रद्धांजलीच्या पानावर घ्यायचं.

डिजिटायझेशन तर हवंच! स्कॅनर नको, ट्यूबलाइटखाली तिरका फोटो काढा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, म्हणून तसा पाठवायचाच नाही, साधा पाठवा म्हणजे दाबून दाबून लहान होतो, कधी कुठे काढला ही माहितीही गळून जाते. स्नेहसंमेलनाच्या व्हीएचएस कॅसेट मात्र कपाटातच राहू द्या, व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता त्या कुणी बघेल अशी भीती नाही.

माजी विद्यार्थ्यांत मोठी माणसं तेवढी घ्या. जो साहेब पाचवीत चार महिने होता आणि मग बदलीने गेला तो 'शाळेचा अभिमान', आणि जी बाई दहावीपर्यंत इथेच शिकून पुढे इथेच प्रयोगशाळा सांभाळत राहिली तिचं नाव कुठल्या यादीत घालायचं हा प्रश्नच येत नाही.

शेवटी वेबसाइट. ती उत्साही पोराकडून त्याच्या पर्सनल ईमेलवर करून घ्या, पासवर्ड फक्त त्याला माहीत. तो परदेशी गेला की डोमेनच्या नूतनीकरणाच्या मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडत राहतील, मुदत संपेल, कुणीतरी ते नाव उचलेल आणि शाळेच्या पत्त्यावर ऑनलाइन रमी सुरू होईल. बघा मग, व्हिजिटर कसे वाढतात ते.