मारुतीची कंबर आणि तीस मीटरचा चौकोन

आमच्या घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जुंपली. नाशिकच्या एका कॉलेजात भूगोलाच्या मास्तरांनी सिव्हिल, इतिहास आणि चक्क कॉमर्सची पोरं गोळा करून गोदाकाठच्या पुराचा जीआयएस नकाशा, म्हणजे जागेजागेची माहिती जोडलेला संगणकी नकाशा, करायला घेतलाय. त्यावर आमचे काका : "गूगल मॅप फुकट आहे. कॉमर्सवाल्यांनी टॅली शिकावं, नदीवर उंडारू नये." खाली अंगठ्यांची रांग.

इकडे नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेत बसून माझं डोकं फिरलं.

सराफ बाजार कुठे आहे हे गूगल सांगतं. तिथं पाणी आधी कुठल्या बोळातून शिरतं, हे कोण सांगणार? उपग्रहावरून मोजलेली, फुकट मिळणारी जमिनीची उंची साधारण तीस मीटरच्या चौकोनात येते. भांडी बाजारातला बोळ, दोन्ही अंगांची दुकानं, मागचा वाडा, सगळ्यांना मिळून एकच आकडा! म्हणून सिव्हिलची पोरं ओट्याओट्यावर लेव्हल लावून उंची मोजतात. इतिहासवाली जुन्या दुकानदारांना 2008 ला पाणी कुठवर आलं, 2016 ला कुठवर, ते विचारतात. आणि भिजलेल्या मालाचा हिशेब? तिथंच लागते टॅली, काका.

गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते बातमीत येतं. नाशिककर मात्र गोदापात्रातल्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतो आणि विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का?" ती कंबर समुद्रसपाटीपासून नेमकी किती मीटरवर, हे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा बसलं, की कुणी माल कधी हलवायचा ते आधी सांगता येईल.

इथं नेदरलँड्समध्ये एएचएन या सरकारी मोजणीतली जमिनीची उंची अर्ध्या मीटरच्या चौकोनात मिळते, तीही फुकट. वॉटरस्खाप म्हणजे इथलं पाणी आणि बांध सांभाळणारं मंडळ, त्याच्या निवडणुकीत लोक बांधावरून तावातावाने बोलतात. असं सगळं मी ग्रुपवर सुनावलं. 1953 च्या पुरात इथली 1836 माणसं गेली, हे मात्र लिहिलं नाही. सोयीचं नव्हतं.

काकांचं उत्तर एका ओळीचं : "तिकडून शिकवू नकोस, येऊन गाळ उपस."

झोंबलं. 2016 ला गाळ त्यांनीच उपसला, मी व्हिडिओ कॉलवर "फावडं तिरकं धरा" सांगत होतो. वॉटरस्खापला मी मत देतो. नाशिकच्या मतदारयादीत माझं नाव नाही. बोलायचा हक्क कुठून आणायचा?

तरी पोरांचा ऑनलाइन फॉर्म भरलाच. वाडा आमचा, वर्ष 2008, पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. 'सध्या इथे राहता का?' हा रकाना सोडून पुढं जाता येत नव्हतं, 'नाही' लिहिलं. पडताळणीसाठी स्थानिक माणसाचा नंबर हवा होता. काकांचा दिलाय.