दुरंगी यूपीव्हीसी खिडक्यांच्या रंगाबाबत खुलासा

‘आतून पांढरी आणि बाहेरून गडद रंगाची यूपीव्हीसी खिडकी म्हणजे साध्या चौकटीवर मारलेला रंगाचा हात, दोन उन्हाळ्यांत तो सोलून निघतो’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. यूपीव्हीसी म्हणजे खिडक्यांच्या चौकटींसाठी वापरले जाणारे कडक प्लास्टिक. कारखान्यात हा रंग तीन प्रकारे दिला जातो: उष्णता व गोंदाच्या साहाय्याने चिकटवलेली फिल्म, चौकटीची पट्टी साच्यातून दाबून काढली जात असतानाच तिच्याशी एकजीव होणारा ॲक्रिलिकचा (एक पारदर्शक, टणक प्लास्टिक; येथे रंग मिसळलेले) थर, किंवा खास लेप. चौकटीचा कापलेला तुकडा मागून घेतल्यास गाभा आणि वरचा थर नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात; खरेदीपूर्वी तो अवश्य पाहावा.

खरी काळजी रंग सुटण्याची नसून उष्णतेची आहे. गडद पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो, आणि यूपीव्हीसी दर मीटरला प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे 0.07 मिलिमीटर वाढते. म्हणजे दोन मीटरच्या पट्टीचे तापमान 40 अंशांनी चढल्यास ती साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांबते. बाहेरची बाजू तापलेली व आतली थंड असली की पट्टी बाक धरते, आणि सरकत्या दाराच्या लांब उभ्या पट्ट्यांत तो बाक प्रथम जाणवून कुलूप नीट बसेनासे होते. त्यामुळे चौकटीच्या पोकळीत जस्तलेपित पोलादाची पट्टी आहे का आणि बसवताना कडेला पुरेशी फट सोडली जाणार का, हे आधी विचारावे. रंगाची हमी चौकटीच्या हमीपेक्षा बहुधा कमी मुदतीची असते, म्हणून ती स्वतंत्रपणे लिहून घ्यावी.