खोट्या मेलचं व्याकरण आता चुकत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदारांचा, एक सोसायटीचा आणि एक शाळेच्या बॅचचा. मथळा ‘खोटा ई-मेल ओळखा पाच सेकंदांत’ आणि खाली सहा कलमं. खोट्या मेलची भाषा चुकलेली असते. ओळखीच्या नावाने आलेला मेल बिनधास्त उघडा. कुलपाचं चिन्ह दिसलं की वेबसाइट खरी. स्पॅम मेल नुसता उघडला तरी खातं रिकामं होतं. नको असलेले मेल ‘अनसबस्क्राइब’ दाबून बंद करा. आणि फसलात तर तक्रारीच्या नादाला लागू नका, पैसे परत मिळत नाहीत.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मी शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या लहान कारखान्यांचे हिशेब बघते, रोज शेकडो मेल हाताखालून जातात, आणि या सहातलं एकही कलम जसंच्या तसं खरं नाही. दोन तर सरळ नुकसान करणारी आहेत.

पहिलं कलम एकेकाळी बरोबर होतं. परदेशातल्या लॉटरीचे मोडक्या इंग्रजीतले मेल आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आता मजकूर लिहून देणारी साधनं कुणाच्याही फोनवर आहेत, मराठीसुद्धा नीट लिहितात. शिवाय चोराला लिहायची गरजच काय? तो बँकेचा खरा मेल उचलतो आणि फक्त लिंक बदलतो. उलट आमच्याकडच्या कितीतरी खऱ्या व्यापाऱ्यांचं इंग्रजी कच्चं असतं. भाषेवर पारख केली तर खरं गिऱ्हाईक स्पॅममध्ये जाईल आणि चोर आत येईल. बघायचं ते मेल काय मागतो हे. पासवर्ड, ओटीपी, पैसे, किंवा ‘आत्ताच्या आत्ता’ उघडायची फाइल. रिटर्न भरायच्या दिवसांत रिफंडचे मेल येतात त्यांचंही तेच. आयकर खातं मेलवर पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागत नाही, मेलची भाषा कितीही सरकारी असो.

ओळखीच्या नावाचा मेल बिनधास्त उघडा, या दुसऱ्या कलमावर मला जास्त बोलायचंय, कारण ते खोटं असल्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ई-मेल पोचवण्याची मूळ पद्धत १९८२ ची. त्यात पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे पाकिटावर हाताने लिहिलेलं नाव, कुणीही काहीही लिहावं. मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावावरून, आला का हे बघणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तपासण्या पुढे जोडल्या गेल्या. एकगठ्ठा हजारो मेल पाठवणाऱ्यांना तर गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून त्या सक्तीच्या केल्या. पण चोराने तुमच्या पुरवठादाराच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन विकत घेतलं, तर ते या तपासणीत पासच होतं. मोबाइलवर तर सहसा पत्ता दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका कारखान्याने बाहेरगावाहून मशीन मागवलं. ॲडव्हान्सची बोलणी मेलवर चालली होती. त्याच संभाषणात, त्याच सहीखाली, ऑर्डरचा नंबर अचूक टाकून मेल आला की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, रक्कम या नव्या खात्यावर पाठवा. पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. स्क्रीनवर फरक दिसत नाही. मीही तो मेल पाहिला होता आणि पुढे जाऊ दिला. अकराव्या दिवशी खऱ्या विक्रेत्याचा फोन आला, पैसे का पाठवले नाहीत म्हणून.

शोध घेतल्यावर कळलं ते जास्त वाईट होतं. आमच्याच मेलबॉक्सचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता आणि आत गुपचूप एक फिल्टर बसवलेला होता. बिलाचा शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर जात होता. चोर आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसला आणि पैसे द्यायच्या दिवशी बोलला.

मालकांना लोक म्हणाले, शिकला सवरलेला माणूस, कळलं कसं नाही? एवाल्डास रिमासाउस्कास नावाच्या लिथुआनियन माणसाने तैवानमधल्या हार्डवेअर कंपनीच्या नावाने खोटी बिलं पाठवून २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून अधिक उकळले. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी मेलची दुनिया उभी केली त्यांच्या हिशेब खात्याला कळलं नाही, तिथे आमच्या उद्यमनगरातल्या माणसाला हिणवायचं कशाला?

यावर कारखान्यात एकच गोष्ट लागू पडली. खातं बदलल्याचा मेल आला की फोन करायचा, आणि तोही मेलमधल्या नंबरवर नाही, जुन्या बिलावरच्या नंबरवर. त्याबरोबर दर महिन्याला मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघायचे, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू ठेवायचं.

ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचं थोडक्यात. तुमच्यात आणि त्या वेबसाइटमध्ये जे जातं ते वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय हे सांगत नाही. असं कुलूप चोरालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोकांचा हा गैरसमज पाहूनच क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. बँकेसाठी त्यापेक्षा चांगली खूण आता आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ (.bank.in) वर यायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तिथे बघा, आणि बँकेत जायचंच असेल तर मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका.

‘नुसता उघडला तरी खातं रिकामं’ हे चौथं कलम सावधगिरीचं वाटतं, म्हणून ते जास्त पसरतं. मेल वाचल्याने पैसे जात नाहीत. फार तर आतलं चित्र लोड झालं की पत्ता चालू असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. आउटलुक या मेलच्या ॲपमध्ये मेल न उघडताही हल्ला होऊ शकेल असं एक भगदाड सापडलं होतं. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बुजवलं, म्हणून अपडेट टाळू नयेत. एरवी धोका सुरू होतो तो लिंकवर पासवर्ड टाकला की, किंवा झिप फाइल उघडून आतलं चालवलं की.

या भीतीने काय होतं सांगते. आमच्याकडे अकाउंटला बसणाऱ्या एका पोरीने कुरिअरच्या खोट्या लिंकवर मेलचा पासवर्ड टाकला. लगेच लक्षात आलं, पण तीन दिवस ती बोलली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, “ताई, मला वाटलं खातं रिकामंच झालं असणार, आण्णा कामावरून काढतील.” पासवर्ड बदलायला दोन मिनिटं लागली असती. त्या तीन दिवसांत तिच्या मेलवरून आमच्या गिऱ्हाइकांना खोटी बिलं गेली.

अनसबस्क्राइब जिथे तुम्ही स्वतः नाव नोंदवलंय, खरेदी केलीय, तिथेच दाबा. अनोळखी मेलला ‘स्पॅम’ म्हणून खूण करा आणि सोडून द्या. मात्र स्पॅमचा फोल्डर आठवड्यातून एकदा चाळा. जीमेल तिथलं ३० दिवसांनी पुसून टाकतं, आणि बाहेरगावच्या नव्या गिऱ्हाइकाची चौकशी तिथे पडलेली मला सापडली आहे.

तक्रार करू नका म्हणणारं सहावं कलम मात्र कृपा करून कुणी पुढे पाठवू नका. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा सरकारी फोन नंबर त्यासाठीच आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या बँकेत सरकले तिथे ते अडवायची ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे, आणि तिचा सगळा खेळ वेळेवर आहे. पैसे काढून घेतले गेले की अडवायला काही उरत नाही. त्या मशीनच्या वेळी आमचे अकरा दिवस गेले होते. नेटबँकिंगमधून चोराने परस्पर पैसे काढले तर बँकेलाही त्याच क्षणी कळवा. पासवर्ड किंवा ओटीपी आपल्याच हातून गेला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं, असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातला. फोन करताना व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. तो मेल डिलीट करू नका, पुरावा तोच आहे.

ज्यांनी मला हा मेसेज पाठवला त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. दोघांनी सहावं कलम काढून तिथे १९३० लिहिलं. तिसऱ्यांना आज संध्याकाळी परत फोन करणार आहे.