पोरांना प्रोग्रॅमिंग येऊ नये म्हणून घ्यायची काळजी

अभिनंदन, तुम्हाला फर्स्ट इयरला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला दिलंय. तुम्ही काही मागून घेतलं नसणारच, तासिका तत्त्वावर आहात, डिपार्टमेंटमध्ये सगळ्यात नवीन आहात आणि सिनियर मंडळींनी मशीन लर्निंग, क्लाउड असले भारदस्त नावाचे विषय आधीच वाटून घेतलेत, मग उरलंसुरलं ते तुमच्याकडे. ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला कधी एक ओळ सांगितलेली नाही अशा साठ-सत्तर पोरांना पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग शिकवणं हे सगळ्यात अवघड काम आहे, ते सगळ्यात अनुभवी माणसाने करायला हवं असं म्हणणारे लोक आहेत जगात, पण ते सिलॅबस ठरवणाऱ्या आपल्या बोर्ड ऑफ स्टडीजवर नाहीत त्यामुळे टेन्शन घेऊ नका. पोरांना प्रोग्रॅमिंग न येता विषय पास करून द्यायची आपल्याकडे पूर्ण व्यवस्था आहे, तुम्ही फक्त ती बिघडवू नका.

पहिले दोन आठवडे प्रोग्रॅम हा शब्दच काढायचा नाही. कॉम्प्युटरच्या पिढ्या घ्या. एनिअ‍ॅक 1946 साली जगासमोर आला, त्यात साधारण 18,000 व्हॅक्यूम ट्यूब होत्या, वजन तीसेक टन, हे सगळं सावकाश डिक्टेट करा. मागच्या बाकावरचं पोरगं त्याच्या लाखो पट ताकदीचा फोन मांडीवर ठेवून रील बघत असतं, त्याला उठवून विचारा, थर्ड जनरेशनमध्ये काय वापरायचे. मग बायनरी टू ऑक्टल, ऑक्टल टू हेक्झाडेसिमल. मग सीला मिडल लेव्हल लँग्वेज का म्हणतात, पाच मार्क. मग सीमध्ये कीवर्ड, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द, किती, तर 32. आता 1999 च्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीत, ते 37 झाले आणि 2011 च्या स्टँडर्डमध्ये 44, पण पेपर काढणाऱ्याकडे 32 च आहेत आणि त्याच्याकडे आहेत तेवढेच खरे.

एव्हाना युनिट टेस्ट आलेली असते. टेस्ट झाली की लॅबला जायला हरकत नाही.

लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे सीचा प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजेच कंपायलर. यावर चर्चा नको. बोरलँडचं टर्बो सी प्लस प्लस 3.0 हे 1991 सालचं, म्हणजे मनमोहनसिंगांनी उदारीकरणाचं बजेट मांडलं त्या वर्षीचं. देशाचे दरवाजे तेव्हा उघडले, आपल्या लॅबचा काही उघडला नाही. 64 बिट विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून आधी डॉसबॉक्स टाकायचं, म्हणजे नव्या मशिनने जुन्या मशिनचं सोंग घ्यायचं आणि त्या सोंगात आपण तो निळा स्क्रीन उघडायचा. माउस आत अडकला तर कंट्रोल एफ-10 दाबल्यावर सुटतो, हे एवढं ज्ञान मात्र पोरं जन्मभर विसरत नाहीत. कोणी आगाऊपणे विचारलं की सर जीसीसी हा कंपायलर फुकट आहे, मग हे का, तर सिलॅबसकडे बोट दाखवा. सिलॅबसमध्ये टर्बो सी असं लिहिलेलं नसतं बरंचदा, पण ते उघडून कोण बघतंय.

टर्बो सीचे फायदे खूप आहेत. एक तर व्हॉइड मेन, म्हणजे मेन हे मुख्य फंक्शन काहीच परत देत नाही असं लिहायचं. स्टँडर्ड म्हणतं मेनने इंट, म्हणजे पूर्णांक, परत द्यायचा, पण स्टँडर्ड आपल्या कॉलेजला अ‍ॅफिलिएटेड नाही. कोनियो डॉट एच ही फाइल, स्क्रीन पुसणारं क्लिअर स्क्रीन आणि शेवटी की दाबेपर्यंत थांबणारं गेटच, हे तिन्ही प्रत्येक प्रोग्रॅमला लागतातच अशी पोरांची श्रद्धा बसली पाहिजे. कशाला लागतात ते सांगू नका, श्रद्धेच्या मधे कारण आणलं की गडबड होते. तेच पोरगं पुढे लिनक्सवर बसेल आणि कंपायलर म्हणेल कोनियो डॉट एच नावाची फाइलच नाही इथे, तेव्हा त्याला वाटेल मशीन बिघडलंय. आणि स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, वाचायला गेट्स हे फंक्शन. त्याला किती अक्षरं घ्यायची याची काही मर्यादाच नाही, 1988 मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम ज्या वाटांनी इंटरनेटवरच्या मशिनांमध्ये घुसला त्यातली एक वाट हीच होती, आणि 2011 मध्ये तर ते फंक्शन स्टँडर्डमधून काढूनच टाकलं. आपल्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, ते ठणठणीत आहे.

जर्नलबद्दल नीट ऐका, कारण हा विषय म्हणजेच जर्नल. रेघांच्या पानावर एम म्हणजे उद्देश, थिअरी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, मग प्रोग्रॅम, सगळं हाताने, निळ्या पेनने. समोरच्या कोऱ्या पानावर आउटपुट, पेन्सिलने. फ्लोचार्टचा डायमंड स्टेन्सिलनेच, हाताने काढला तर परत करायला लावा. शेवटी कन्क्लुजन, अशा रीतीने आपण फॉर लूपचा अभ्यास केला. बघा, यात कुठेही कॉम्प्युटर लागला का? लाइट गेले तरी प्रॅक्टिकल पूर्ण होतं, जगातल्या कुठल्याही मोठ्या युनिव्हर्सिटीला ही सोय जमलेली नाही. कुठल्या तरी जुन्या बॅचमधल्या एकाने उतरवताना स्कॅनएफमधला, म्हणजे इनपुट वाचायच्या ओळीतला, & खाल्लेला असतो, तो त्यानंतरच्या प्रत्येक जर्नलमध्ये खाल्लेलाच राहतो आणि त्याच्याखाली तुमची तारखेसकट लाल सही असते. तो प्रोग्रॅम नीट चालणारच नाही. पण समोरच्या पानावर पेन्सिलने आउटपुट बरोबर आलेलं असतं, मग अडचण काय?

इनपुट परंपरेने ठरलेली आहेत, ती बदलू नका. फॅक्टोरियलला, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराला, 5, आउटपुट 120. कोणाला 8 टाकू देऊ नका. टर्बो सीमधला इंट 16 बिटांचा, 32767 च्या पुढे गेला की गर्रकन फिरून मायनसमध्ये जातो, त्यामुळे 7 चं फॅक्टोरियल 5040 नीट येतं आणि 8 चं 40320 यायच्या जागी −25216 येतं. आता मायनस पंचवीस हजार बघून पोरगं जागं होणार, विचारणार असं कसं, मग तुम्हाला बिट, मेमरी, लाँग, साइन्ड-अनसाइन्ड सगळं फळ्यावर काढून दाखवावं लागणार आणि त्या पंधरा मिनिटांत त्याला दोन आठवड्यांच्या बायनरी टू ऑक्टलपेक्षा जास्त कळणार. नकोच ते. आर्मस्ट्राँग नंबरला, म्हणजे ज्याच्या अंकांच्या घनांची बेरीज तोच आकडा येते त्याला, 153, पॅलिंड्रोमला, म्हणजे उलटसुलट सारखाच वाचता येतो त्याला, 121, संपला विषय. तीन अंकी आर्मस्ट्राँग चारच आहेत, 153, 370, 371 आणि 407, एखादं हुशार कार्टं चार प्रिंटएफ, म्हणजे नुसत्या छापायच्या ओळी, टाकून मोकळं होतं आणि खरं सांगायचं तर अख्ख्या बॅचमध्ये डोकं वापरलेलं तेवढं एकच असतं, पण मार्क त्याचे कापा.

एका पीसीवर चार जण बसवा, बाकीचे पीसी तसेही बंदच असतात. परदेशात म्हणे पोरांना दोघा-दोघांच्या जोडीने प्रोग्रॅम लिहायला बसवतात, एक टाइप करतो दुसरा बघून चुका काढतो, मग जागा बदलतात. आपण चार बसवतो, म्हणजे दुप्पट पुढे. फक्त जागा बदलायच्या नाहीत, ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यानेच टाइप करायचं. बाकी तिघं बघतील. तिसरा-चौथा बहुतेक गावाकडून आलेला असतो, मराठी मीडियमचा, बारावीपर्यंत की-बोर्डला हात न लागलेला, तो मागे उभा राहतो आणि सेमिस्टरभर मागेच राहतो. तुमच्या शीटवर त्याचं प्रॅक्टिकल पूर्ण.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट, एरर.

शिकणाऱ्याला एरर येणारच, त्याला इलाज नाही, पण त्याची आणि एररची गाठ पडता कामा नये. पोरगं हात वर करतं, सर एरर आली. लगेच जा, त्याच्या हातातून की-बोर्ड घ्या, टकटक करून दुरुस्त करा, हं झालं बघ आता, पुढचा. तो मेसेज मोठ्याने वाच असं चुकूनही म्हणू नका. स्क्रीनवर लिहिलेलं असतं, स्टेटमेंट मिसिंग सेमीकोलन, आणि बोट दाखवलेलं असतं सातव्या ओळीकडे. सातवी ओळ चोख असते, सेमीकोलन सहाव्या ओळीचा राहिलेला असतो, कारण सातवी सुरू होईपर्यंत कंपायलर बिचारा वाटच बघत असतो की येईल आता, येईल आता. हे एकदा मराठीतून दोन वाक्यात सांगितलं तर पोरगं पुढच्या वेळी आपणहून एक ओळ वर बघेल, तुम्हाला हाक मारणार नाही, आणि मग लॅबमध्ये तुमची किंमत काय राहिली?

वॉर्निंगबद्दलचं वाक्य तर तोंडपाठ करा, एरर नको, वॉर्निंग आली तरी चालते. इफच्या, म्हणजे अट तपासायच्या ओळीच्या, कंसात बरोबरचं चिन्ह दोनदा टाकायचं तिथे एकदाच टाकलं तर टर्बो सीसुद्धा, 1991 सालचं असून, पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट असं अदबीने सांगतं. तुम्ही म्हणा दुर्लक्ष कर, रन कर. मग इफ कायम खराच होत राहतो, नापासाच्या जागीही पास छापून येतं, आणि पोरगं म्हणतं कॉम्प्युटरचं काही कळत नाही बाबा, कधी काय करेल. हेच तर हवंय. कॉम्प्युटर लहरी आहे असं एकदा मनात बसलं की माणूस कारण शोधायच्या भानगडीत पडत नाही, फाइल बंद करून परत उघडून बघतो.

तसंच ते फॉर लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळीपुढे चुकून पडलेलं सेमीकोलन. एक ते दहा छापायचेत आणि स्क्रीनवर एकटा 11 येऊन बसतो. या एका 11 मध्ये लूपचं सगळं शास्त्र आहे, लूप दहादा रिकामा फिरला, आय हा मोजणारा आकडा अकरा झाला तेव्हा थांबला, मग छापलं. पोराला कागद द्यायचा, आयची किंमत एकाखाली एक लिहायला लावायची, तुला काय वाटतं काय येईल ते रन दाबायच्या आधी लिही म्हणायचं, त्याचा अंदाज चुकला की तिथे थांबायचं. अर्धा तास जातो हो एका सेमीकोलनवर! सिलॅबस कसा संपायचा? सेमीकोलन काढ म्हणा आणि हजेरी-जर्नल अपुरं असणाऱ्यांची डिफॉल्टर लिस्ट काढायला बसा.

पेपर आपला कागदावरच होतो ते उत्तम आहे. कागद कधी एरर देत नाही. पेपरला आउटपुट ओळखा या प्रश्नात आय = आय++ + ++आय असलं काहीतरी घाला. स्टँडर्डप्रमाणे याचं उत्तर ठरलेलंच नाही, कंपायलरने काहीही दिलं तरी त्याला बोलता येत नाही, पण मॉडेल आन्सरमध्ये एक आकडा असतो आणि त्याला दोन मार्क असतात. ज्या पोराने खरं ते लिहिलं, की याचं उत्तर सांगता येणार नाही, त्याला शून्य.

ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक, येतील. ते तुमच्यासारखेच आहेत, पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्याकडे एक्स्टर्नल म्हणून जाणार आहात, तेव्हा समोसा गरम ठेवा. ते विचारतील पॉइंटर म्हणजे काय, पोरगं एका दमात म्हणेल, पॉइंटर इज अ व्हेरिएबल विच स्टोअर्स द अ‍ॅड्रेस ऑफ अनदर व्हेरिएबल. या वाक्यात श्वास घेतला तर मार्क जातात. अ‍ॅड्रेस म्हणजे काय असा उपप्रश्न आजवर कोणत्याही एक्स्टर्नलने विचारल्याचं ऐकिवात नाही. पुढचा प्रश्न, सी कोणी बनवली, डेनिस रिची, बेल लॅब्स, 1972, व्हेरी गुड, नेक्स्ट.

आता हे नवीन चॅटजीपीटी वगैरे आलंय, त्याने काही लोक घाबरलेत की पोरं असाइनमेंट तिकडून आणतात. अहो आणू द्या. आधी सिनियरच्या जर्नलमधून आणायची, त्याच्या आधी झेरॉक्सवाल्याकडून, निदान यात & तरी जागेवर असतो. तुम्ही फक्त फतवा काढा की असाइनमेंट हस्तलिखितच पाहिजे. मग ते फोनमध्ये बघून वहीत उतरवतील, तुम्ही अक्षर बघून सही कराल. हा कोड तुझा नाही तर नाही, पण यातली तिसरी ओळ काढली तर काय होईल ते सांग, असं एकेकाला दोन मिनिटं विचारायचा मोह होईल, तो आवरा. नुसत्या दोन मिनिटांत सगळं बाहेर पडतं, तुमचंही.

एवढं करूनही बॅचमध्ये एखादं पोरगं निघतंच. होस्टेलवर रात्री जागून आपलं आपण शिकलेलं, दहा ठिकाणी आपटलेलं, 8 चं फॅक्टोरियल टाकून बघितलेलं. ते लेक्चरला येत नाही, जर्नल अर्धवट असतं, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव वरच. त्याला ओरडू नका, उपयोगाचं आहे ते. कोर्सला मान्यता देणाऱ्या एनबीएची कमिटी यायची असते तेव्हा तुमच्या डोक्यावर सीओ अटेनमेंटच्या, म्हणजे कोर्स आउटकम किती गाठले त्याच्या, एक्सेल शीट असतात, प्रत्येक पोराचे प्रत्येक प्रश्नाचे मार्क, कुठला प्रश्न कुठल्या कोर्स आउटकमला, त्यातले किती टक्के कुठे गेले. सगळा स्टाफ रात्री आठपर्यंत बसून हाताने आकडे भरत असतो, सी शिकवणारे, पायथन शिकवणारे, सगळे. त्याला बोलवा, शीट दाखवा. ते कार्टं दहा मिनिटं काहीतरी टाइप करेल, एक बटण दाबेल आणि सगळी शीट भरून देईल. हे कसं केलंस असं विचारू नका. जर्नल कंप्लीट आहे का, ते विचारा.